लॉट चारशे सतराचा डबा

१

मंगळवारी दुपारी मालकीणबाईंनी नमुन्यांचं कपाट उघडलं, तेव्हा चारशे सोळा आणि चारशे अठरा या दोन डब्यांच्या मधोमध एका डब्याची जागा मोकळी होती. तेवढा गोल तुकडा स्वच्छ, आजूबाजूला बारीक धूळ. डबा नुकताच उचललाय, हे कळायला कोणी पंडित नको होता.

कारखाना टी बॅगांचा. वरच्या मजल्यावर चहाची पोती आणि तो मिसळायचा मोठा ढोल, खाली बॅगा भरायची यंत्रं. लॉट मिसळून झाला की त्यातला थोडा चहा पत्र्याच्या डब्यात भरून वर्षभर जपायचा, म्हणजे उद्या कोणी बोट दाखवलं तर डबा पुढे करता येतो. आणि बोट दाखवलं गेलं होतं ते नेमकं चारशे सतराकडेच. सोमवारी एका मोठ्या हॉटेलाने चाळीस खोकी परत पाठवली होती. सोबत चार ओळींचं पत्र : चहा कडवट, वास नाही, कपाच्या तळाशी चिखल. शुक्रवारी अकरा वाजता आमचा माणूस येईल. कारण सांगा, नाहीतर आपला संबंध संपला.

हॉटेल गेलं तर दोन यंत्रं बंद. दोन यंत्रं बंद म्हणजे तीस माणसं घरी.

कपाटाची किल्ली चव-खोलीत खिळ्याला टांगलेली असायची, आणि चव-खोली होती मामांची. चौतीस वर्षं प्रत्येक लॉट मामांच्या जिभेवरून गेल्याशिवाय खाली उतरला नव्हता. त्यांची सख्खी भाची हाताखाली शिकत होती. ती मामा म्हणायची, म्हणून सगळा कारखाना त्यांना मामाच म्हणायचा.

संध्याकाळपर्यंत त्याच कारखान्यात कुजबुज सुरू झाली. "मामांची जीभ गेली. खराब चहा पास केला, आणि आता पुरावाही गिळला."

मालकीणबाईंनी दार लावून घेतलं आणि शाळेतल्या मैत्रिणीला फोन केला.

"उद्या सकाळी ये," त्या म्हणाल्या. "माझ्या घरच्यासारख्या माणसावर आळ येतोय, आणि तो खरा की खोटा हे मला कळत नाहीये."

२

मैत्रीण तीस वर्षं अन्न तपासणीच्या प्रयोगशाळेत होती. तिखटातली विटेची पूड शोधून शोधून तिचं नाव चाळणीबाई पडलं होतं. निवृत्त झाली तरी नाव राहिलं, आणि सवयही. ती पीठ चाळायची तशी माणसांची बोलणीही चाळायची. वर काय राहतं ते बघायची.

बुधवारी आठच्या ठोक्याला ती चव-खोलीत हजर झाली. लांब टेबल, पांढरेशुभ्र कप, खिडकीतून येणारा सपाट उजेड. मामा खुर्चीत बसले होते, पण पाहुण्यासारखे. जणू खोली दुसऱ्याची होती.

"डबा तुम्ही घेतलात?" चाळणीबाईंनी सरळच विचारलं.

"नाही."

"मग कोणी?"

"बाई, खोटं कशाला सांगू? मला माहीत नाही."

"आणि चारशे सतरा चांगला होता?"

मामांनी कपाकडे पाहिलं, चमच्याकडे पाहिलं, आणि गप्प राहिले. ते गप्प राहणं चाळणीबाईंना खुपलं. चोर माणूस अशा वेळी तोंड भरून बोलतो. हा माणूस स्वतःच्याच उत्तराला घाबरत होता.

"मला आता काही सांगता येत नाही," अखेर ते म्हणाले. "तुम्ही दुसऱ्या कोणाला तरी चाखायला सांगा."

भाची दारात उभी होती. ती घाईघाईने म्हणाली, "बाई, मी चाखला होता ना चारशे सतरा! वहीत माझीसुद्धा सही आहे. चांगला होता."

चाळणीबाईंनी वही उघडली. सही होती. पण त्याच आठवड्याच्या पानांवर, वरच्या कोपऱ्यात, भाचीच्याच अक्षरात रोजची एक छोटी नोंद होती : पातेल्यात वाफ घेणे, दोनदा.

"सर्दी होती का गं तुला त्या आठवड्यात?"

भाचीचा चेहरा पांढराफटक पडला.

३

मामांना ऐकू जाणार नाही इतक्या लांब, जिन्याखाली, ती रडली.

"नाक पूर्ण बंद होतं बाई. घोट घेतला, पण मला पाणी आणि चहा यातला फरक कळत नव्हता. मामांनी सही केली म्हणून मी केली. आता त्यांच्यावर आलंय म्हटल्यावर... मी चाखला म्हटलं तर निदान दोघांवर वाटून जाईल, असं वाटलं."

"म्हणजे तुलाही वाटतंय, मामांची जीभ गेली."

तिने मान डोलावली.

"डोळे पूस," चाळणीबाई म्हणाल्या. "रडून चहा सुधारत नाही. मला खालची यंत्रं दाखव."

खाली चार नंबरच्या यंत्रावर फिरकी होती. हात आणि तोंड एकाच वेगाने चालतं म्हणून ते नाव. पुढ्यात कागदाची पट्टी सरकत होती, वरून चहाचा चिमूटभर ठिपका पडत होता, कडा तापून चिकटत होत्या आणि बॅगा टपाटप खोक्यात उतरत होत्या.

"चारशे सतरा मीच भरला, पंधरा दिवसांपूर्वी," फिरकी म्हणाली. "आणि बाई, काय सांगू! त्याआधी आठवडाभर यंत्राने नुसता जीव खाल्ला होता. दर पाऊण तासाला नरसाळं तुंबायचं. जावईबापू डोक्यावर उभे : हॉटेलला शब्द दिलाय, वेळेत माल गेला पाहिजे. शनिवारी तर चारशे सतराची चार पोती भरतानाच तीनदा तुंबलं. मग रविवारची सुट्टी झाली, सोमवारी आले, तर यंत्र लोण्यासारखं चालायला लागलं. एकदासुद्धा अडकलं नाही."

"कोणी दुरुस्त केलं?"

"कोणी नाही. आम्ही म्हटलं, त्यालाही सुट्टी मानवली असेल!"

बायका हसल्या. चाळणीबाई हसल्या नाहीत. एकाच लॉटचा चहा, एकच यंत्र, एकच बाई. शनिवारी अडतो आणि सोमवारी धावतो. मधे फक्त एक रविवार.

"परत आलेली खोकी कुठे आहेत?" त्यांनी विचारलं.

"ती? ती कालच गेली जाळायला. जावईबापूंनी गाडी बोलावली होती."

४

जावईबापू म्हणजे मालकीणबाईंच्या एकुलत्या एका मुलीचे यजमान. दोन वर्षांपूर्वी कारखान्यात आले आणि उत्पादन बघू लागले. उमदा, उत्साही, पायाला भिंगरी लावलेला माणूस. कामगारांना तो आवडायचा, आणि चाळणीबाईंनाही पहिल्या पाच मिनिटांत आवडला.

"मावशी, बसा ना. खोक्यांचं विचारताय? अहो, खराब माल आवारात पडलेला लोकांनी बघितला असता तर बदनामीच ना? म्हणून हलवला."

"तपासायला एखादं ठेवायचं होतं."

"तपासायचं काय त्यात? मामांचं वय झालं. वाईट वाटतं हो, पण जीभ काय, डोळा काय, एक दिवस दगा देतोच. सन्मानाने निवृत्त करा म्हणून मी आईंना केव्हापासून सांगतोय. आता त्या अर्ध्या डब्यापायी एवढा गदारोळ कशाला? तो सापडला तरी काय सिद्ध होणार आहे?"

"खरंय," चाळणीबाई म्हणाल्या. "चारशे सतरा भरताना मधे जो रविवार आला, तेव्हा तुम्ही इथे होतात का?"

"सुट्टीला? हो, आलो होतो थोडा वेळ. मागचा पंप गळत होता, बाहेरची दोन माणसं आणून दुरुस्त करून घेतला."

त्या उठल्या, आणि ऑफिसातून बाहेर पडताना मुद्दाम लांबच्या वाटेने, मागच्या अंगणातून गेल्या. पंपाखाली बादली ठेवलेली होती. टप, टप, टप. बादली काठोकाठ भरली होती.

५

एक खोकं मात्र वाचलं होतं. हॉटेलच्या पत्राबरोबर आलेलं ते खोकं मालकीणबाईंनी स्वतःच्या कपाटात ठेवलं होतं, आणि ते जावईबापूंना ठाऊक नव्हतं.

गुरुवारी सकाळी चाळणीबाईंनी त्यातल्या वीस बॅगा कापल्या आणि चहा कागदावर ओतला. पिशवीतून आपली सगळ्यात बारीक चाळणी काढली. आधी चारशे अठराचा चहा घातला. तो लहान, पण टपोरा, एकसारखा दाणा होता. चाळणी हलवली, जवळजवळ सगळा वर राहिला. मग बॅगेतला चारशे सतरा घातला.

सगळा खाली. वर चिमूटभरसुद्धा नाही. बोटाला लागलं ते पीठ होतं.

"झाडलोट मिसळली असणार," मालकीणबाई दात ओठ खात म्हणाल्या. "गोदामातला कचरा!"

"असेल. पण ते तू आणि मी सांगून भागणार नाही," चाळणीबाई म्हणाल्या. "मामांना बोलाव."

मामा यायला तयार नव्हते. दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले.

"बाई, नको. मला कळणार नाही."

"का कळणार नाही?"

तेव्हा त्यांनी सांगितलं. खाली मान घालून, शिक्षकांसमोर उभ्या राहिलेल्या मुलासारखं. मंगळवारी सकाळी सात वाजता, कोणी यायच्या आत, त्यांनी चारशे सतराचा डबा काढला होता. चहा केला, चाखला. चांगला लागला. पुन्हा केला, पुन्हा चांगला. असा सहा वेळा. "अर्धा डबा संपवला मी. आमच्याकडे डबा नेहमी काठोकाठ भरतात, आत हवा राहू नये म्हणून. चौतीस वर्षांत मी असा डबा नासला नव्हता. सगळं जग म्हणतंय चहा वाईट, आणि मला तो सहाही वेळा चांगला लागला. मग खोटं कोण? जग की माझी जीभ? लाजेने कोणाला बोललो नाही. डबा परत ठेवला, आणि ढोलाकडे गेलो. दुपारी तो नव्हता."

चाळणीबाईंनी हातातली चाळणी खाली ठेवली.

"डबा अर्धा झाला होता, हे कोणाला ठाऊक होतं?"

"कोणालाच नाही. भाचीलासुद्धा नाही."

"बरं. आता एकच घोट घ्या. चांगला की वाईट ते नका सांगू. काय आहे, एवढंच सांगा."

परत आलेली बॅग उकळत्या पाण्यात पडली. क्षणात पाणी काळपट झालं. मामांनी चमचा ओठाला लावून जोरात सुर्रकन ओढला, घोट तोंडभर फिरवला, थुंकला. परत घेतला. मग त्यांच्या भुवया एकमेकींजवळ आल्या.

"हा माझाच चहा आहे," ते हळूच म्हणाले. "पानं तीच, मिसळण तीच. कचरा नाही यात. पण बाई... हा मारलाय कोणीतरी."

"मारलाय म्हणजे?"

"दळलाय. बॅगेत चहा बारीकच लागतो, तीन मिनिटांत उतरला पाहिजे. पण दाणा दाणाच राहिला पाहिजे, आणि कागदाच्या आत त्याला फुलायला जागा पाहिजे. पीठ केलं की दळतानाच तापतो, वास उडून जातो, पाण्यात पडल्याबरोबर रंग आणि कडूपणा सगळा एकदम ओकतो. उरलेलं कागदातून गळून तळाशी बसतं. म्हणून चिखल."

मालकीणबाई आणि चाळणीबाईंनी एकमेकींकडे पाहिलं. हॉटेलच्या पत्रातला एकेक शब्द या माणसाने पत्र न वाचता सांगितला होता.

६

वरच्या मजल्यावर, ढोलाच्या पलीकडे, एक जुनी दळणी होती. मोठा दाणा कापायला पूर्वी वापरायचे. दोन वर्षं बंद, असं सगळ्यांनीच सांगितलं. चाळणीबाई तिच्याभोवती एक फेरी मारून आल्या. खाली धूळ, भिंतीवर धूळ, स्विचच्या पेटीवर धूळ. दळणीचा पट्टा मात्र घासून लखलखीत झालेला, आणि तोंडाशी तपकिरी पीठ दाटून बसलेलं.

फाटकावरच्या पहारेकऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, "त्या रविवारी? जावईबापू होते की. सकाळी नऊ ते पाच. दोन माणसं बरोबर. पंपाचं काम होतं म्हणाले. पण बाई, पंपाच्या कामाला माणसं वरच्या मजल्यावर कशाला जातील, ते मला आजवर कळलं नाही."

"आणि हे तुम्ही कोणाला बोलला नाहीत?"

"मला कोणी विचारलंच नाही."

संध्याकाळी मालकीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग त्या खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या.

"मुलीचा संसार आहे गं," त्या म्हणाल्या.

"आहे. आणि चौतीस वर्षं इथे राबलेला एक माणूसही आहे. सांग, उद्या बोलू की घरी जाऊ?"

मालकीणबाई वळल्या तेव्हा त्यांचा आवाज स्थिर होता. "बोल. आणि हॉटेलच्या माणसासमोर बोल."

७

शुक्रवारी अकराला चव-खोली भरली. हॉटेलचा माणूस, मालकीणबाई, जावईबापू, फिरकी, भाची, आणि टेबलाच्या टोकाला मामा.

"आधी जिभेचा निकाल लावू," चाळणीबाई म्हणाल्या. "हे पाच कप. पाचांतही एकाच डब्यातला, चारशे अठराचा चहा आहे. सगळा बॅगेत भरलाय, तीन तीन मिनिटं ठेवलाय. काही बॅगांतला चहा मी सकाळी खलबत्त्यात कुटलाय. कोणत्या, ते या चिठ्ठीत लिहिलंय." चिठ्ठी त्यांनी हॉटेलच्या माणसाच्या हातात दिली. भाचीने मामांचे डोळे रुमालाने बांधले, कारण कुटलेला चहा रंगाने ओळखता आला असता.

मामांनी पहिला घोट घेतला. खोलीत फक्त सुर्र आणि थुंकण्याचा आवाज. "अख्खा." दुसरा. "मारलेला." तिसरा. "अख्खा." चौथ्याला ते थांबले. पुन्हा एक घोट. "अख्खाच. पण या कपाला साबणाचा वास आहे, धुणाऱ्याला सांगा." पाचवा. "मारलेला."

हॉटेलच्या माणसाने चिठ्ठी वाचली. दुसरा आणि पाचवा. त्याने चौथा कप उचलून हुंगला आणि मान डोलावली.

"म्हणजे जीभ शाबूत आहे," चाळणीबाई म्हणाल्या. "मामांनी पास केला तो चहा चांगलाच होता. बिघडला तो नंतर, ढोल आणि यंत्र यांच्या मधे. शनिवारी यंत्र तुंबत होतं, सोमवारी लोण्यासारखं धावलं. पीठ नरसाळ्यातून झरझर उतरतं, अडत नाही. रविवारी वरची दळणी चालली. पंप दुरुस्त करायला आलेली माणसं पंपाला हात न लावता गेली."

त्यांनी कप बाजूला सरकवले.

"आता डबा. तो कोणाला नकोसा होता? मामांना? त्यांना आपली जीभ गेली असं वाटत होतं, तरी त्यांनी डबा परत जागेवर ठेवला. भाचीला? ती मामांना वाचवायला खोटं बोलली, पण डबा चोरायचा असता तर तिने शेजारचे चार डबेही सरकवले असते, जागा मोकळी दिसू दिली नसती. कपाटात काय कुठे असतं, ते तिला पाठ आहे. डबा चवीसाठी चोरला नव्हताच. डब्यात दाणा होता आणि खोक्यात पीठ. दोन्ही शेजारी ठेवलं की आंधळ्यालाही कळलं असतं. म्हणून डबा गेला आणि खोकी जळाली."

त्या जावईबापूंकडे वळल्या. आवाज चढवला नाही.

"बुधवारी तुम्ही मला म्हणालात, त्या अर्ध्या डब्यापायी गदारोळ कशाला. नमुन्याचा डबा काठोकाठ भरतात, हे इथे सगळ्यांना माहीत आहे. हा अर्धा झाला मंगळवारी सकाळी सातनंतर, आणि ते फक्त मामांना माहीत होतं. आणि ज्याने तो उचलून हातात धरला, त्याला."

जावईबापू खुर्चीत खचून बसले.

"माझ्या गाडीत आहे," ते म्हणाले. "मी कचरा नाही हो मिसळला. तोच चहा होता. मला वाटलं, पान तेच, मग बारीक केल्याने काय बिघडणार? शब्द दिला होता वेळेचा. यंत्र चालेना..."

"दळलात, ते अज्ञान," मालकीणबाई म्हणाल्या. "पण मंगळवारपासून या माणसाला तुम्ही रोज मरू दिलंत. ते अज्ञान नव्हतं."

आणि मग त्यांनी हॉटेलच्या माणसाकडे बघून स्पष्ट सांगितलं, "दोष आमचा. कारण तुम्ही ऐकलंत. शिवाय आणखी एक चूक माझी स्वतःची : आम्ही सगळे इथे सुटा चहा चाखतो. बॅगेत भरलेला आमच्यापैकी कोणी पीतच नव्हतं. आजपासून प्रत्येक लॉट दोनदा चाखला जाईल, ढोलातून निघाला की एकदा आणि खोक्यातून काढून एकदा. दळणी आजच भंगारात जाईल. आता तुम्ही ठरवा."

तो माणूस उठला. "एक लॉट बघू," म्हणाला. "एकच." दारापर्यंत जाऊन मागे वळला. "आणि तो यांनीच पास केलेला पाहिजे."

८

जावईबापूंना उत्पादनावरून काढलं. त्यांनी मामांची माफी मागितली, सगळ्या कामगारांसमोर, फिरकीच्या यंत्राशेजारी उभं राहून. मामा एवढंच म्हणाले, "माझ्या चहाला मारलंत, त्याचं जास्त वाईट वाटलं." त्यावर फिरकीसुद्धा गप्प बसली, म्हणजे बघा.

संध्याकाळी चाळणीबाई निरोप घ्यायला चव-खोलीत गेल्या, तेव्हा मामा-भाची हॉटेलसाठीचा नवा लॉट घेऊन बसले होते.

भाची चमचा हातात धरून तशीच थांबली होती. "मामा," ती म्हणाली, "मी तुमच्यावर विश्वास नाही ठेवला."

"मी तरी कुठे ठेवला?" मामा म्हणाले. "सहा वेळा चाखूनही नाही ठेवला. आता ऐक. यापुढे माझं बघून सही करायची नाही. तू तुझ्या कागदावर लिही, मी माझ्या. मग मिळवू."

दोघांनी चाखलं. दोघांनी लिहिलं. कागद शेजारी ठेवले. मामांनी लिहिलं होतं, पास. भाचीने लिहिलं होतं, नापास, शेवटी किंचित बुरसट, एखादं पोतं दमट असावं.

ती घाबरून कागद मागे घ्यायला गेली. मामांनी तिचा हात धरला, पुन्हा चमचा भरला, घोट तोंडात धरून खिडकीबाहेर बघत राहिले. बराच वेळ. मग थुंकले, पेन उघडलं आणि स्वतःच्या कागदावरचा शब्द खोडला.

"उठ," ते म्हणाले, "वर जाऊन ते पोतं शोधू."